विहिरीवरचं दुसरं साल

जमिनीवर

"सालं दोन्ही टाकायची न्हवं, पाळकसाहेब?" यल्लाप्पाने विचारलं.

तो चर्चच्या पायरीवर उकिडवा बसला होता. पुढ्यात दीड हात रुंद काळा दगड, टाकीने सपाट केलेला. विहीर तोच खोदणार होता आणि तिच्यावरची अक्षरंही तोच कोरणार होता. कागदावरचा मजकूर तो खडूने दगडावर उतरवून घेत होता. अक्षर दादांचं. दादा म्हणजे माझे वडील शांतवन उजागरे, पिंपळदऱ्याच्या ख्रिस्ती मंडळीचे पाळक. एकतीस वर्षं त्याच गावात, त्याच व्यासपीठावर.

"दोन्ही," दादा म्हणाले. "नेहमीसारखी."

"मग ताईंचं नाव बारीक काढावं लागंल. लांबडं हाय."

दादांनी कागद माझ्यापुढे धरला. त्यांचा चेहरा परीक्षेचा निकाल दाखवणाऱ्या मुलासारखा झाला होता.

*पिंपळदरा ख्रिस्ती मंडळीची विहीर*
*ख्रिस्ताचे साल १९८७*
*सृष्टीचे साल ५९९१*
*जागा दाखविली: कु. कुमुद शांतवन उजागरे, भूगर्भतज्ज्ञ*

"माझं नाव काढा," मी म्हटलं.

"का गं?"

"नाहीतर ते दुसरं साल काढा. दोन्ही एका दगडावर राहणार नाहीत."

यल्लाप्पाने एकदा त्यांच्याकडे, एकदा माझ्याकडे पाहिलं आणि खडू कानावर अडकवला. "तुमचं ठरू द्या. तवर च्या पिऊन येतो."

० ते ५ फूट. काळी माती, खाली मुरूम. ओल नाही.

चर्चच्या दारावर १८७९ आणि त्याखाली ५८८३ आहे. शाळेवर १९११ आणि ५९१५. पहिल्या मिशनरी साहेबाने शास्त्रातल्या पिढ्यांची वयं मांडून जगाचं वय काढलं आणि दारावर कोरून घेतलं. पुढे आवारात जे जे बांधलं त्यावर दोन सालं आली. साहेबाच्या देशात तो हिशोब केव्हाच मागे पडला असेल. आमच्याकडे तो दगडात होता.

मीही त्यातच वाढले. शब्बाथ शाळेत दर रविवारी आम्हा मुलांना उभं करून दादा नावं म्हणून घ्यायचे. आदाम, शेथ, अनोश, केनान, महललेल, यारेद, हनोख, मथुशलह, लामेख, नोहा. मग पुढची. शेवटी आपल्या घरचा पहिला बाप्तिस्मा झालेला माणूस, त्याचा मुलगा, त्याचा मुलगा, आपण. एका दमात म्हटलं तर दादा खिशातून खडीसाखर द्यायचे. माझी आई कावीळ होऊन गेली तेव्हा मी बारा वर्षांची होते. त्यानंतरच्या रविवारी मी नावं म्हटली आणि माझ्या नावाआधी दादांनी स्वतःच तिचं नाव घातलं. रत्नमाला. मुलं हसली, कारण यादीत बाया नसायच्या.

सव्विसाव्या वर्षी मी भूजल खात्यात होते आणि नगरला खोली घेऊन एकटी राहत होते. शनिवारी एस.टी.ने पिंपळदऱ्याला यायचं, सोमवारी पहाटेच्या गाडीने परत. त्या साली आवारातला जुना आड पौषातच आटला. मंडळीने ठराव केला, नवीन विहीर घ्यावी, जागा पाळकांच्या मुलीने दाखवावी आणि तिचं नाव दगडावर घालावं. आवारातल्या एकाही दगडावर तोवर बाईचं नाव नव्हतं.

५ ते २२ फूट. कठीण काळा पाषाण. सुरुंग रोज दोन. पाणी नाही.

"अगं, पण ते साल कोण वाचतं?" दादा भाकरी मोडत म्हणाले. रविवारची दुपार होती. बाहेर सुरुंगाचं भोक पाडताना पहारीचा ठणठणाट चालू होता.

"मी वाचते."

"तू सोडून."

"माझ्या खात्याचे साहेब पाहणीला आले तर? मी ज्या दगडातून विहीर काढली तो साडेसहा कोटी वर्षांचा, हे मी अहवालात लिहिणार. आणि वर माझ्या नावाच्या डोक्यावर पाच हजार नऊशे एक्याण्णव!"

"म्हणजे तुला साहेबांची लाज वाटते."

"खोट्याची वाटते."

दादांनी घास खाली ठेवला. ते रागावत नसत. रागावले असते तर बरं झालं असतं.

"लाजरसला काय सांगू?" ते म्हणाले.

लाजरस साळवे आमच्या शाळेचे निवृत्त हेडमास्तर आणि मंडळीचे मुख्य पंच. त्यांचा शब्द वर समितीपर्यंत जायचा. पाळकाची बदली, पाळकाचं घर, सगळं त्या समितीच्या हातात. ते त्याच संध्याकाळी आले. ओट्यावर काठी टेकवून बसले.

"काय भूगर्भबाई, ऐकतोय ते खरं का?"

"काय ऐकताय, काका?"

"की आमच्या आज्याच्या दगडात चूक निघाली."

"दगडात नाही. आकड्यात."

"आज आकड्यात निघाली, उद्या शास्त्रात निघेल. परवा पाळकसाहेबांत." ते हसले. "शांतवन, विहीर पाण्यासाठी घेतोय आपण, वाद काढायला नाही. साल गेलं तर मला वर कळवावं लागेल. दोस्ती आपल्या जागी."

"कळव," दादा म्हणाले. "पण अजून काही ठरलं नाही."

लाजरसकाका गेल्यावर मी म्हटलं, "दादा, तुम्हाला खरंच वाटतं का, सहा हजार?"

ते बराच वेळ कंदिलाची काच पुसत राहिले. वीज त्या आठवड्यात नव्हती.

"मला वाटायचं कारण कधी पडलं नाही," ते म्हणाले. "सहा हजारात माणसं ओळखीची राहतात. आदामापासून तुझ्या आईपर्यंत मी नावं घेत येऊ शकतो. मध्ये कुठं चुकत नाही. तू म्हणतेस तेवढं लांब केलं, तर तिच्यापर्यंत यायचं कसं?"

मी म्हटलं, "दादा, हा पुरावा नाही."

"नाही," ते म्हणाले. "पुरावा नाही."

सोमवारच्या गाडीला बसताना मी सांगून टाकलं. दगडावर ते साल दिसलं तर विहीर देवाला अर्पण करायच्या दिवशी मी येणार नाही.

२२ ते २४ फूट. तांबडा थर. चिकण, भाजल्यासारखा. मुळांच्या जागी बारीक पोकळ्या (?).

मार्चच्या शेवटच्या शनिवारी यल्लाप्पा फाटकातच आडवा आला. "ताई, गेरू लागला. पाण्याचं लक्षण का नुकसानीचं?"

"त्याच्याखाली पाणी असायला हवं."

"हवं म्हंजी?"

"असेल."

"मघाशी हवं, आता असंल. लवकर ठरवा, बाई."

मी शिडीने उतरले. वर काळ्या पाषाणाची सरळ भिंत, खाली दोन फुटांचा तांबडा पट्टा, विहिरीच्या चारी बाजूंनी फिरलेला. मी हातोडीने तुकडा काढला, पिशवीत घातला, वहीत लिहिलं. पोकळ्या मुळांच्या असतील किंवा नसतील, म्हणून कंसात प्रश्नचिन्ह टाकलं. माझी वही प्रश्नचिन्हांनी भरलेली असायची. आम्हाला शिकवलंच तसं होतं.

शिडी हलली. वर पाहिलं तर दादा उतरत होते. पांढरा सदरा, कोल्हापुरी चप्पल वर काढून ठेवलेली. अठ्ठावन्नाव्या वर्षी, दर पायरीला थांबत. यल्लाप्पा वरून ओरडत होता, "साहेब, दोन्ही हातांनी! खाली बघू नगा!"

खाली पोचून त्यांनी श्वास घेतला. मग पट्ट्याला हात लावला. दादा पाळक होण्याआधी शेतकऱ्याचं पोर होते. त्यांनी नखाने ढेकूळ काढलं, चिमटीत चुरलं, हुंगलं आणि जिभेच्या टोकाला लावलं.

मी काही सांगायच्या आत ते म्हणाले, "ही माती आहे."

"हो."

"दगड नाही ही. जमीन आहे. वरचं रान होतं हे कधीतरी."

"खालचा लाव्हा थंड झाला," मी म्हटलं. "उन्हापावसात झिजला, त्याची माती झाली. मग वरून पुन्हा लाव्हा आला आणि ती भाजली. म्हणून तांबडी."

"विटेसारखी."

"हो."

ते पट्ट्यावर हाताची वीत ठेवून मोजत होते. एक वीत, दोन, आणखी थोडं. "आमच्या वरच्या तुकड्याचा बांध फुटला, माती वाहून गेली, खडक उघडा पडला. माझ्या आज्याच्या वेळची गोष्ट. अजून तिथं कुसळाशिवाय काही येत नाही. तीन पिढ्यांत बोटभर माती धरली नाही त्यानं." ते थांबले. "आणि ही इतकी. आणि मग याच्यावर वीस फूट दगड. आणि याच्याखाली?"

"याच्याखाली परत दगड. मग परत तांबडं. घाटात गेलात तर असे कितीतरी थर दिसतात."

"आकडा सांगू नकोस," ते म्हणाले.

मी सांगितला नाही. विहिरीत गार होतं. वर आभाळाचा चौकोन आणि त्यात यल्लाप्पाचं डोकं.

"ही रान असताना," दादा म्हणाले, "हिच्यावर पाऊस पडला असेल."

"पडलाच असेल."

"झाडं?"

"असतील. वेगळी."

"माणूस कुणी नाही."

"कुणीच नाही, दादा. माणूस फार नंतर."

"म्हणजे त्या झाडांना कुणी नावं दिली नव्हती. पाऊस आला तर आला म्हणायला कुणी नाही." ते पाषाणाला पाठ टेकून उभे राहिले. सदऱ्याला तांबडे डाग पडले होते. "एवढा वेळ देव काय करत होता, कुमुद?"

"ते माझ्या विषयात येत नाही."

ते हसले. खरंच हसले, खालून घुमल्यासारखं. "बरोबर. ते माझ्या विषयात येतं." आणि मग, माझ्याशी नव्हे, "एकटाच होता म्हणजे. बिचारा."

ते चढू लागले तेव्हा मी खालून शिडी धरली होती. दगडाबद्दल ते बोलले नाहीत, मीही विचारलं नाही.

२४ ते ३८ फूट. मांजऱ्या खडक, जाळीदार. पाणी. दोन झरे, पूर्वेकडून.

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात लागलं. यल्लाप्पाच्या बायकोने, सायव्वाने, पहिल्या ओंजळीने आधी स्वतःचे डोळे धुतले. मी त्या दिवशी नगरला होते. कचेरीत दादांचं पोस्टकार्ड आलं. *पाणी गोड आहे. मे महिन्याच्या पहिल्या रविवारी अर्पण. दगड तयार आहे. तू ये.* साल होतं की नव्हतं, ते लिहिलेलं नव्हतं. दोन दिवस ते कार्ड मी पर्समध्ये घेऊन फिरले. गेले.

जमिनीवर

उपासना संपवून सगळे विहिरीशी आले. साठ-सत्तर माणसं असतील. ढोलकी, टाळ, बायांच्या डोक्यावर पदर. कठड्यात बसवलेल्या दगडावर पांढरं कापड होतं. बाजूला खुर्चीवर मार्थाबाई भांबळ, मंडळीतली सगळ्यांत म्हातारी, डोळ्यांनी अधू. तिच्या हातून कापड काढायचं ठरलं होतं. दादांनी तिचा हात धरून कापडापर्यंत नेला.

कापड खाली पडलं.

मंडळीचं नाव होतं. १९८७ होतं. माझं नाव होतं, यल्लाप्पाने बारीक न करता कोरलेलं. दोन्हींच्या मध्ये एका ओळीएवढी जागा होती. तिथे टाकीच्या बारीक खुणा होत्या, बाकी काही नव्हतं.

"साल?" कुणीतरी म्हणालं.

"पाळकसाहेब, यल्ल्या साल विसरला!"

"मी नाय विसरलो," यल्लाप्पा मागून म्हणाला. "मला सांगितलं तसं केलं."

लाजरसकाका पुढे आले. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "शांतवन. सृष्टीचं साल कुठं आहे?"

दादा कठड्याला हात टेकून उभे होते. इतक्या वर्षांत मी त्यांना मंडळीपुढे कागद घेतल्याशिवाय बोलताना पाहिलं नव्हतं. त्या दिवशी त्यांच्या हातात कागद नव्हता.

"मला ते ठाऊक नाही, लाजरस," ते म्हणाले. "मी या विहिरीत उतरलो होतो. खाली एक रान आहे. दोन विती मातीचं. मी शेतकऱ्याचा मुलगा आहे, मला माती कळते. तेवढी माती व्हायला किती काळ लागतो ते मला मोजता येत नाही. आपल्या आज्यांनी मोजलं, ते प्रेमानं मोजलं. पण थोडं मोजलं. मला एवढंच कळलं की आपण यायच्या आधी फार फार काळ पाऊस पडत होता आणि तो बघायला देवाशिवाय कुणी नव्हतं. त्यानं आपली वाट पाहिली. आपल्याला वाटतं त्याहून पुष्कळ जास्त वाट पाहिली. एवढंच. किती ते मी कोरू शकलो नाही."

मार्थाबाई पदराने डोळे टिपत होती. "असंल बाबा," ती हळूच म्हणाली. "वाट तर पाह्यलीच असंल."

मला आठवतं, ढोलकीवाल्याने मान डोलावली. मला आठवतं की त्या क्षणी मंडळी त्यांच्याबरोबर होती. अर्ध्याहून जास्त तरी.

"फार म्हणजे किती?" लाजरसकाकांनी विचारलं. "पाळकाला ठाऊक नाही असं कसं चालेल? ठाऊक असणारी तर इथंच उभी आहे. तिचं नावच घातलंय दगडावर. विचारा तिला."

दादांनी माझ्याकडे पाहिलं.

त्यांना काय हवं होतं ते मला दिसत होतं, असं आज मी म्हणते. त्या दिवशी मला एवढंच दिसलं की अखेर मला कुणी विचारलं. माझं नाव दगडावर होतं. शब्बाथ शाळेत उभं करून विचारल्यासारखी मी ताठ झाले.

"हा दगड साडेसहा कोटी वर्षांचा आहे," मी म्हटलं. "पृथ्वी साडेचारशे कोटी वर्षांची."

एका दमात, न चुकता. आमच्या पुस्तकांत या आकड्यांपुढे अधिक-उणे असायचं. ते मी सांगितलं नाही.

कुणीतरी हसलं. मग बरेच हसले. साडेचारशे कोटी! "शून्यं किती गं बाई त्याला?" लाजरसकाका मात्र हसले नाहीत. ते शांतपणे म्हणाले, "ऐकलंत? पाळकाला ठाऊक नाही, पोरीला ठाऊक आहे. आता मंडळी कुणाची ते ठरवा."

मार्थाबाईने चाचपत माझा हात शोधला. "मघाशी कळलं होतं बाई मला," ती म्हणाली. "तुझा बाप बोलत होता तवा. आता नाही कळत."

दादांनी प्रार्थनेसाठी डोळे मिटले. तोंड उघडलं. शब्द आले नाहीत. मंडळी वाट पाहत राहिली, मग लाजरसकाकांनी प्रार्थना केली. मोठी केली. तिच्यात आदामाचं नाव होतं आणि माझं नव्हतं.

नोंद नाही.

जुलैत समितीचं पत्र आलं. दादांनी चाव्या दिल्या. मी म्हटलं, नगरला माझ्याकडे चला. ते म्हणाले, तुझी खोली लहान आहे. खोली लहान होतीच. ते जालन्याला गेले, निवृत्त पाळकांसाठीच्या चाळीतल्या एका खोलीत. पुढच्या वर्षी माझी बदली चंद्रपूरला झाली. मी लग्न केलं नाही, त्याला ही विहीर कारण नाही. वर्षातून दोनदा मी जालन्याला जायची. ते चर्चमध्ये शेवटच्या बाकावर बसायचे. पुढे बोलावलं तर हाताने नको म्हणायचे. घरी आम्ही पाणी, तब्येत, भाज्या यांवर बोलायचो. त्या दिवसाबद्दल कधीच नाही. पिंपळदऱ्याला पुढे दोन पाळक झाले. दगडावर कुणीतरी मधल्या जागेत तेलाच्या रंगाने ५९९१ लिहिलं, असं कळलं. ते मी पाहिलेलं नाही.

अठ्ठ्याण्णव साली ते दवाखान्यात होते. दुपारची वेळ. शेजारच्या खाटेवरच्या माणसाचे नातेवाईक डबा उघडून जेवत होते. दादांचे डोळे मिटलेले. मला वाटलं, झोपलेत.

"कुमुद," ते म्हणाले. "तो आकडा सांग."

मी समजले नाही असं दाखवलं. "कसला?"

"मातीचा. तेव्हा मी सांगू नको म्हटलं होतं. विहिरीत."

अकरा वर्षं मी जे उत्तर तयार करून ठेवलं होतं, ते मी दिलं. "मला ठाऊक नाही, दादा."

त्यांनी डोळे उघडले. त्यात राग नव्हता. बाप मुलीकडे पाहतो तसं पाहिलं, बऱ्याच वर्षांनी.

"खोटं बोलू नकोस," ते म्हणाले. "तुला ठाऊक आहे."

मी सांगितला. हळू, एकेक शब्द सुटा करून. अधिक-उणे किती तेही सांगितलं. मग त्यांनी विचारलं नव्हतं तेही सांगितलं, की ती दोन विती माती व्हायला किती हजार किंवा किती लाख वर्षं लागली याबद्दल आमच्यात अजून एकमत नाही. त्यांचा हात माझ्या हातात होता आणि बोटं किंचित हलत होती. ते मोजत होते की नावं घेत होते, ते कळेना. शेजारच्या बाईने मला विचारलं, ताई, तुम्ही जेवलात का? मी मान हलवली. ती हो होती की नाही, हे तिलाही कळलं नसावं. तिने एक पोळी कागदावर ठेवून माझ्यापुढे सरकवली, आणि दादांची बोटं थांबेपर्यंत मी ती हातात धरून बसले.